‘शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के’, अहो पण मोजला कोणी?

मागे एका शाळेत वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. शेजारी दुसरे परीक्षक, माझे जुने स्नेही. गुणपत्रिका हातात आली तशी म्हणाले, "हावभावाला दहाच मार्क? अहो पंचावन्न टक्के संवाद देहबोलीतूनच होतो." संध्याकाळी त्यांनी तो मेसेजही पाठवला. तुम्हालाही आला असेलच, दर दोन-तीन महिन्यांनी तो फिरून येतो. थोडक्यात असा: अमेरिकेतल्या संशोधनाने सिद्ध झालंय की संवादात शब्दांचा वाटा 7 टक्के, आवाजाचा 38 आणि देहबोलीचा 55, म्हणून काय बोलता याला अर्थ नाही, कसं बोलता तेच सगळं, ग्रीसचा महान वक्ता डेमॉस्थेनिस हेच सांगून गेला, आणि 1960 साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या टीव्हीवरच्या वादात केनेडी नुसत्या दिसण्यावर निक्सनला भारी पडला. खाली गुलाबाचं फूल.

फुलाबद्दल तक्रार नाही. बाकीचं एकेक घेऊ.

आधी ते आकडे, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. आकडे खोटे नाहीत बरं का. अल्बर्ट मेहराबियन नावाचे मानसशास्त्रज्ञ, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 1967 मध्ये दोन छोटे अभ्यास छापले. पहिल्यात सुटे नऊ शब्द रेकॉर्ड केले, हनी, थँक्स, डिअर असे तीन गोड, मेबी, रिअली, ओह असे तीन मधले, आणि डोन्ट, ब्रूट, टेरिबल असे तीन कडू, आणि प्रत्येक शब्द वेगवेगळ्या सुरात म्हणून घेतला, म्हणजे ‘टेरिबल’ लाडात आणि ‘हनी’ तुसडेपणाने असंही, मग ऐकणाऱ्यांना विचारलं की या बाईच्या मनात समोरच्याबद्दल आपुलकी आहे की राग. दुसऱ्यात तर शब्द एकच, ‘मेबी’, आणि त्याच्या जोडीला चेहऱ्यांचे फोटो. फोटो! व्हिडिओ नाही, हातवारे नाहीत, उभं राहणं-चालणं काही नाही. मग ‘देहबोली 55 टक्के’ कुठून आली? तिथे फक्त चेहरा होता. आणि शब्द, सूर, चेहरा तिन्ही एकत्र तपासलेत असा एकही प्रयोग यात नाही, दोन वेगळ्या अभ्यासांची गुणोत्तरं शेवटी जोडून ते सूत्र मांडलंय. भाग घेणारे दोन्हीकडचे मिळून शंभरच्या आत.

‘मेबी’ला आपल्याकडे चोख शब्द आहे, ‘बघू’. लहानपणी सहलीचे पैसे मागितले की वडील पेपरमधून मान वर न काढता ‘बघू’ म्हणायचे आणि आम्हाला कळायचं की सहल गेली. तोच ‘बघू’ आईकडे बघत, ओठ दाबून हसत म्हणाले की आम्ही दप्तर भरायला घ्यायचो. इथे शब्दाचा वाटा किती? जवळजवळ शून्य, कारण तो शब्दच पोकळ आहे, त्यात जे भरायचं ते सुराने आणि चेहऱ्याने भरायचं. मेहराबियननी मोजलं ते एवढंच: माणूस आपल्या आवडी-नावडीबद्दल बोलतोय, शब्द एक सांगतोय आणि सूर दुसरंच, तर ऐकणारा विश्वास कशावर ठेवतो. सुरावर आणि चेहऱ्यावर. यात वाद नाहीच, रुसलेल्या माणसाने ‘मी ठीक आहे’ म्हटल्यावर आपण सगळे तेच करतो. पण वडील जर म्हणाले असते की सहलीचे पैसे कपाटात वरच्या खणात निळ्या पाकिटात आहेत, तर ते कुठल्याही सुरात म्हणाले असते तरी मी खुर्ची ओढूनच नेली असती. खुद्द मेहराबियननीच नंतर स्पष्ट केलंय की बोलणारा आपल्या भावना किंवा आवडी-नावडीबद्दल बोलत नसेल तर ही सूत्रं लागू होत नाहीत. मूळ माणूसच नको म्हणतोय आणि आपण अजून स्लाइडवर पाय चार्ट काढतोय.

आणि मुळात असे टक्के पाडता येतात का हाही प्रश्न आहेच. दोन गुणिले तीन सहा. या सहामध्ये दोनाचा वाटा किती टक्के, सांगा. शब्द आणि सूर असेच एकमेकांना गुणतात. औषधवाला म्हणतो "अर्धी गोळी, जेवणानंतर", यातला ‘अर्धी’ काढून टाका आणि उरलेल्या 93 टक्क्यांवर गोळी घेऊन बघा.

आता डेमॉस्थेनिस. वक्तृत्वात सगळ्यात महत्त्वाचं काय असं विचारल्यावर तो म्हणाला सादरीकरण, दुसरं काय, सादरीकरण, तिसरं काय, तेच. गोष्ट आहे खरी, म्हणजे सिसेरोने आणि नंतर क्विंटिलियनने लिहून ठेवलीय, पण हे दोघे रोमन आणि डेमॉस्थेनिसनंतर काही शतकांनी झालेले. तरी धरून चालू की तो तसं म्हणाला. मग त्याच माणसाबद्दल जुना ग्रीक चरित्रकार प्लुटार्क काय सांगतो तेही ऐका ना. तोंडात खडे धरून उच्चार सुधारायचा हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचे विरोधक त्याला टोमणा मारायचे की तुझ्या युक्तिवादांना दिव्याच्या वातीचा वास येतो, हे कोणी फॉरवर्ड करत नाही. रात्र रात्र दिवा लावून मजकूर घासणारा माणूस होता तो. ज्याच्याकडे शब्द तयार आहेत त्याने ‘आता सादरीकरण बघा’ म्हणणं वेगळं, आणि ज्याने विषयच वाचला नाही त्याला तो सल्ला देणं वेगळं. शिवाय त्याचा आवाज गेला, चेहरा गेला, आणि मॅसेडोनियाच्या राजा फिलिपविरुद्धची भाषणं तेवीसशे वर्षांनंतर लोक अजून वाचतात ती नुसत्या सात टक्क्यांवर.

ॲरिस्टॉटल त्याच्याच काळातला, त्याने तर या विषयावर आख्खा ग्रंथ लिहिला. पटवण्याची साधनं तीन: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याची भावना आणि मुद्द्यातला तर्क. यातली विश्वासार्हतासुद्धा भाषणातूनच उभी राहिली पाहिजे, आधीच्या नावलौकिकावर नाही, असं तो म्हणतो. सादरीकरणाचं बळ तो नाकारत नाही, तिसऱ्या भागात त्याबद्दल बोलतो, पण जरा नाक मुरडूनच. श्रोत्यांतच खोट आहे म्हणून ते चालतं, असं त्याचं म्हणणं. (थोडा खडूसच होता.)

केनेडी-निक्सनचं पटकन सांगतो. ‘रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकला वाटला, टीव्हीवाल्यांना केनेडी’ हे मुख्यतः एका सर्व्हेवर उभं आहे, त्यात रेडिओवाले तीनशेच्याही आत होते, आणि रेडिओ ऐकणारी मंडळी आधीपासूनच निक्सनकडे झुकलेली असण्याची शक्यता होती, हे 1987 मध्येच दोन अभ्यासकांनी दाखवून दिलंय. नंतर 2003 च्या एका प्रयोगात बघणाऱ्यांत आणि ऐकणाऱ्यांत फरक सापडला, हेही सांगायला हवं. चेहऱ्याचा परिणाम होतो हो, कोण नाही म्हणतंय. पण त्यावरून 55 चा आकडा निघत नाही.

त्या स्पर्धेत एक मुलगा होता, ‘सूर्य’ म्हटलं की हात वर, ‘धरती’ म्हटलं की खाली, ‘हृदय’ म्हटलं की छातीवर, ट्रॅफिक हवालदारासारखा. त्याच्यानंतर एक सातवीतली मुलगी आली, विषय पाणी. ओढणीचं टोक दोन्ही मुठींत धरलेलं, शेवटपर्यंत सोडलं नाही, नजर मागच्या भिंतीवर, आवाज सपाट. म्हणाली, टँकर आला की दर घरामागे चार हंडे मिळतात, पण माझी आई पाचवा हंडा पण नेते, कधी कधी ड्रायव्हर तोही भरून देतो. मागच्या बाकांवरची कुजबुज तिथे थांबली. स्नेह्यांनी हावभावात तिला दहापैकी तीन दिले, मुलाला नऊ. मुलगा पहिला आला, ती तिसरी.

हे सगळं मी त्यांना परवा रात्री लिहून पाठवलं आणि म्हटलं, पुढच्या वर्षी तुमच्या गुणपत्रिकेत मजकुराला जास्त मार्क ठेवा. सकाळी उत्तर आलं, ‘बघू’. नुसतं टाइप केलेलं, ना आवाज ना चेहरा ना साधा इमोजी. वीस वर्षांची ओळख आहे, मला बरोबर कळलं.