तुमच्या पेसला

पुढच्या महिन्यात लोणावळ्याच्या बाजूला ट्रेल रेस, म्हणजे डोंगरवाटांवर पळायची शर्यत आहे, त्यासाठी कार्बन प्लेटवाले शूज बघायला लोअर परळच्या एका मॉलमध्ये गेलो होतो. माझं काम एवढंच. बाकी सगळं तिथे बसलेल्या एका अनोळखी काकांनी केलं.

काका गिऱ्हाईक नव्हतेच. काकू वरच्या मजल्यावर चादरी बघत होत्या आणि काकांना या बुटांच्या दुकानात एसी आणि गुबगुबीत स्टूल सापडलं होतं. सेल्समनने बूट माझ्या हातात दिला, काकांनी तो माझ्या हातातून घेतला, आणि गुडघ्यावर ठेवून वाकवायला लागले.

"वाकत नाहीये हा."

"काका, आत कार्बनची प्लेट असते, तो वाकत नसतोच."

"डिफेक्टिव्ह आहे. दुसरा मागा."

आता इथे गप्प बसावं की नाही, पण मी समजवायला गेलो. म्हटलं, उसळी मुळात फोम देतो, प्लेट त्याला कडक ठेवते, असेच प्लेटवाले शूज घालून 2019 मध्ये केनियाचा धावपटू किपचोगे व्हिएन्नात 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर पळाला.

"डोंगरावर?"

"नाही, रस्त्यावर."

"सपाट?"

"...हो."

काका काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर परवडलं असतं. मग म्हणाले, "रेल्वेच्या वर्कशॉपात आयुष्य गेलं माझं, पाटा काय करतो ते मला विचारा. दगडावर एका कडेनं पाय पडला की हा अख्खा कलंडणार. घोटा गेला तुमचा."

राग याचाच आहे की हे बरोबर आहे! मी रात्र रात्र जागून रिव्ह्यू बघितलेत, त्यात हेच रडगाणं असतं, होका कंपनीने तर टेक्टॉन एक्स या ट्रेलच्या बुटात एका अखंड प्लेटऐवजी दोन समांतर पट्ट्या टाकल्या, त्या पाय जरा दगडाप्रमाणे वळावा म्हणूनच. आणि या माणसाला ते नुसत्या गुडघ्यावर कळलं.

"पहिले येणार का?"

"नाही हो, नंबराचं नसतं."

"मग बक्षीस?"

"मेडल. पूर्ण करणाऱ्या सगळ्यांना देतात."

"फी किती?"

सांगितली.

"म्हणजे मेडल विकत घेता."

सेल्समन हसला. म्हणजे वीस हजारांच्या वरचा माल ज्याला विकायचाय त्याच्याच तोंडावर हसला. विषय बदलायला मी विचारलं की ओल्या कातळावर ग्रिप कशी आहे, तर म्हणे सर ट्रेडमिलवर पळून बघा. पावसाळ्यात सह्याद्रीत शेवाळ धरलेल्या दगडावर काय होतं ते ट्रेडमिलवर कळणार! आणि बाहेर घालून बघितलेत तर परत घेणार नाही. अर्ध्या लोकांच्या पायात अजून अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग शूज का असतात ते मला तिथे नीट कळलं, चिकटतात आणि फाटले तर जीव जळत नाही.

तरी पळालो. काका बघतायत म्हणून जरा जास्तच जोरात. उतरलो तेव्हा दम लागला होता आणि सेल्समन अत्यंत अदबीनं म्हणाला, "सर, काका बरोबर बोलतायत. तुमच्या पेसला कार्बनची तशी गरज नाही."

तुमच्या पेसला! हे वाक्य मला अजून रात्री आठवतं. अरे चढाला एलिट लोकसुद्धा चालतात रे, पेस कुठून काढलास तू? आणि समजा मी हळूच आहे, तर मग हळू माणसानेच जास्त तास पाय आपटायचे असतात ना, त्याला खाली चांगला फोम नको? पण हे सगळं मला सुचलं करी रोड स्टेशनच्या जिन्यावर.

प्रत्यक्षात मी साईझ विचारला. लांब पळताना पाय सुजतात म्हणून अर्धा नंबर मोठा लागतो, माझा पंजा रुंद, म्हणून नऊ हवा. तर आठ आहे आणि अकरा आहे. मधले पाय मुंबईत नसतातच बहुतेक! मोजे पातळ घाला म्हणाला, आठ बसेल.

तेवढ्यात काकू आल्या. काका उठले, बूट माझ्या हातात परत दिला आणि सेल्समनला म्हणाले, "यांना वाकणारा दाखव रे."

तो कार्टा खरंच आणायला गेला. त्यातही नऊ नव्हता.