‘तीन आयपीचे पैसे घेतात, स्पीड एकाचाच देतात’ या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू परवा रात्री मुलीने दाखवला. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुमचा फोन दोनदा उचलला गेला नाही हे खरं आहे. त्या संध्याकाळी पाथर्डी फाट्याला जेसीबीने आमची मेन केबल तोडली होती, आणि मी व दोन पोरं टॉर्च धरून खड्ड्यात होतो. तरी फोन उचलायला हवा होता.

पण ‘तीन आयपीचे पैसे घेऊन एकाचाच स्पीड देतात, सरळ सरळ लुटारू आहेत’ हे जे लिहिलंत, ते काही केल्या गिळवत नाही. सिडकोत मी 1996 पासून केबल ओढतोय. लोकांच्या गच्चीवर चढून, पावसात भिजून धंदा उभा केलाय. रिव्ह्यू वाचून कालपासून चार जणांचे फोन आले. त्यातल्या एका ताईंनी विचारलं, ‘काका, आमच्याकडूनही जास्त घेता का?’ म्हणून सगळं इथेच, सगळ्यांसमोर लिहितो.

तुमचा प्लॅन 100 एमबीपीएसचा, 799 रुपये. फोटोग्राफीचं काम घरून करता म्हणून पहिला पब्लिक आयपी (बाहेरच्या इंटरनेटवरून थेट पोहोचता येणारा नंबर) आम्ही फुकट दिला. नंतर तुम्ही आणखी दोन मागितले, प्रत्येकी 200 रुपये. सगळं धरून 1199, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1415. बिलात यापेक्षा एक रुपया जास्त दिसला तर दाखवा.

आता आयपी म्हणजे काय? पत्ता. जुन्या वाड्याच्या दारावर एकाऐवजी तीन पाट्या लावल्या म्हणून जिना रुंद होत नाही. तुमचं मॉडेम चालू होताना आमच्या कंट्रोल रूममधून एक छोटी फाइल उतरवून घेतं. त्यात स्पीड किती ते एका ठिकाणी लिहिलेलं असतं, आणि मॉडेमच्या मागे किती मशीनना पब्लिक पत्ता द्यायचा ते दुसऱ्या ठिकाणी. तुम्ही पैसे भरल्यावर आम्ही दुसऱ्या जागचा 1 खोडून 3 केला. स्पीडची जागा 100 ची 100 च राहिली, कारण पैसे 100 चेच आले होते. स्पीडला लावलेली मर्यादा अख्ख्या मॉडेमला असते, आयपीला नसते. मागे एक मशीन लावा नाहीतर दहा.

आणि तुम्हीच टाकलेले तीन स्क्रीनशॉट बघा. एकावर 31, दुसऱ्यावर 33, तिसऱ्यावर 30. तिन्हींवर वेळ रात्री 9:42. म्हणजे तिन्ही कॉम्प्युटरवर एकाच वेळी टेस्ट लावली होती. साहेब, बेरीज करा. 94 होते. 100 च्या लाइनवर, रात्री पावणेदहाला, 94! मी ते स्क्रीनशॉट आमच्या टेक्निशियनला दाखवले तर तो म्हणाला, ‘हे तर आपण जाहिरातीत लावायला पाहिजेत.’ (डाउनलोडला ‘12’ दिसतं अशीही तुमची तक्रार आहे. ते 12 मेगाबाइट आहेत, आणि प्लॅनचा स्पीड मेगाबिटमध्ये मोजतात. आठने गुणलं की 96 मेगाबिट होतात. ती तक्रार मी धरतच नाही.)

‘नुसत्या नंबराचे 200 रुपये कसले?’ असंही विचारलंत. हे नंबर आम्ही छापत नाही. जुन्या पद्धतीचे आयपी जगात मिळून सुमारे 429 कोटीच आहेत. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा मोकळा साठा एप्रिल 2011 मध्येच तळाला गेला. आता नव्या अर्जदाराला जास्तीत जास्त 512 मिळतात, बाकीचे बाजारातून डॉलर मोजून घ्यावे लागतात. म्हणूनच बहुतेक घरांना आम्ही 100.64 ने सुरू होणारा आतला नंबर देतो आणि बऱ्याच घरांत मिळून एक पब्लिक आयपी वापरतो. नेट त्यावर व्यवस्थित चालतं, फक्त बाहेरून घरात शिरता येत नाही. दुकानातून घरच्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) कंपनीच्या क्लाउड ॲपशिवाय थेट बघायचा तर पब्लिक आयपी लागतो, आणि तो तुम्हाला पहिल्या दिवसापासून आहे.

इथे आमचीही एक चूक झाली, ती कबूल करतो. तुमची ऑर्डर घेणारा मुलगा नवीन होता. तुम्ही तीन म्हणालात, त्याने तीन लिहिले. खरं तर एक चांगला राउटर, त्यावर डीव्हीआरसाठी एक पोर्ट फॉरवर्ड केला असता (म्हणजे बाहेरून येणाऱ्याला थेट डीव्हीआरकडे वळवणारी वाट करून दिली असती), तर एका आयपीत तुमचं सगळं भागलं असतं. त्याने सांगायला हवं होतं. पण महिनाभराने मी स्वतः येऊन हेच सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘राउटरने स्पीड कमी होतो, मला डायरेक्ट पाहिजे,’ आणि मॉडेमला साधा नेटवर्क स्विच (नुसत्या वायरी एकत्र जोडणारा डबा) लावून तिन्ही मशीन त्यावर जोडलीत.

त्याचा परिणाम असा झाला की एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर लग्नाचे फोटो टाकायला रात्र जाते, आणि ती तक्रारसुद्धा आमच्याच नावावर लागली. तुमचे पत्ते नंबरांच्या दोन वेगळ्या गटांतले (ब्लॉकमधले) आहेत, सलग शिल्लक नव्हते. त्यामुळे दोन्ही मशीन एकाच टेबलावर असली तरी फाइल आधी अंबडच्या आमच्या कंट्रोल रूमला जाते आणि मग परत येते. जाताना ती तुमच्या 10 एमबीपीएस अपलोडमधून जाते. 40 जीबीचं लग्न असेल तर नऊ तास. तेच राउटरच्या मागे दोन्ही मशीन असतील, तर फाइल घराबाहेर पडतच नाही आणि काम सात-आठ मिनिटांत होतं.

अजून एक गोष्ट, जी मी लिहिणार नव्हतो. तुम्ही जाहीर लिहिलंत म्हणून लिहितो. तुमच्या गॅलरीतून खालच्या मजल्यावर, जिथे ती मुलं भाड्याने राहतात, तिथे एक पिवळी वायर जाते. आमच्या लाइनमनने ती दिवाळीत पाहिली होती. मी बोललो नाही, म्हटलं शेजारधर्म असेल. पण पहाटे तीनलाही तुमची लाइन तुडुंब भरलेली दिसते, आणि त्या वेळी तुम्ही झोपलेले असता हे तुम्हीच मला सांगितलंय. महिन्याचे पैसे घेऊन नेट वाटणं याला परवाना लागतो, आणि तुमच्या कनेक्शनवर तो येत नाही. उद्या त्यातल्या कोणी काही उद्योग केला, तर पोलीस आयपी आणि वेळ घेऊन आमच्याकडे येतील, आणि आमच्या रजिस्टरमध्ये नाव तुमचंच निघेल. खालच्यांना आमच्याकडे पाठवा, 399 पासून प्लॅन आहे.

वाटून घेण्याचं म्हणाल, तर आमचीही लाइन वाटलेलीच आहे. मी ते कधी लपवलं नाही. केबलवर नेटच्या एका चॅनेलमध्ये (टीव्हीचं नव्हे, डेटाच्या एका पट्ट्यात) साधारण 50 एमबीपीएस बसतं. तुमच्या गल्लीच्या नोडवर (गल्लीतल्या घरांना लाइन वाटणाऱ्या पेटीवर) असे आठ चॅनेल आहेत, म्हणजे 400, आणि त्यावर 140 घरं आहेत. सगळी एका क्षणी ओढत नाहीत म्हणून भागतं. आयपीएलच्या रात्री मात्र ओढतात, आणि तेव्हा तुम्हाला 60-70 मिळाले तर तो दोष माझा. तेवढं लिहिलं असतंत तर मी खाली मान घालून ऐकलं असतं. कोणाशीच न वाटलेली लाइन पाहिजे तर ती लीज लाइन, तिचे पैसे वेगळे.

आता पुढचं. नोड दोन भागांत करायचं काम आमच्या डोक्यात आहे, सिंहस्थासाठी चाललेली रस्त्यांची खोदाई आवरली की लवकरच करू. आयपीव्ही6 (नव्या पद्धतीचे, भरपूर असलेले पत्ते) पण येणार आहे, मग पत्त्यांचा प्रश्नच राहणार नाही. फोन उचलण्यासाठी अजून एक माणूस बघतोय.

जास्तीचे दोन आयपी या महिन्यात बंद करतो आणि त्यांचे 472 रुपये पुढच्या बिलात वळते करतो. नियमात बसत नाही, तरी करतो. रविवारी अकरानंतर मी स्वतः राउटर घेऊन येईन आणि डीव्हीआर तुमच्यासमोर चालू करून देईन. पटलं तर रिव्ह्यू बदला, नाही पटलं तर राहू द्या. तेवढी पिवळी वायर मात्र मी यायच्या आत काढून ठेवा, म्हणजे आपल्या दोघांनाही त्या विषयावर बोलावं लागणार नाही.

आपला,
केबलवाला, सिडको