झाड पुन्हा फुटतं, म्हणून तोडायचं?

सध्या एक संदेश फिरतो आहे. झाडं भलती चिवट, हिरोशिमात अणुबॉम्ब पडूनही फुटली. त्यांच्या जखमा भरून येतात. म्हातारी झाडं कार्बन घेत नाहीत. तेव्हा एक तोडा, दहा लावा, हिशेब फिटला.

हिरोशिमाचं खरं आहे. 1945च्या स्फोटात होरपळलेले काही गिंको पुन्हा फुटले आणि आजही उभे आहेत. पण खोड जळलं तरी जमिनीखालची मुळं वाचली, म्हणून. मुळासकट उपटलेल्या झाडाला हा दाखला कसा लागू होणार?

खुंटाला धुमारे फुटतात तेही खोडामुळांत साठलेल्या पिष्टावर. ही पुंजी पानांनी जमवलेली असते. पुन्हा पुन्हा छाटत राहिलं की ती आटते आणि खुंट वाळतो. पाइनच्या बहुतेक जाती तर खुंटातून फुटतच नाहीत. आणि फुटलं म्हणजे वाचलं असंही नाही. अमेरिकन चेस्टनटवर 1904मध्ये न्यूयॉर्कमध्ये बुरशीचा रोग दिसला आणि काही दशकांत मोठे वृक्ष जवळजवळ संपले. जुन्या मुळांना अजून फुटवे येतात, जरा वाढतात, तोच तीच बुरशी त्यांना गाठते. फळ धरण्याची वेळ क्वचितच येते. संदेशवाल्यांच्या हिशेबात हेही झाड जिवंतच!

जखमेचं म्हणाल तर ती भरत नाही, कोंडली जाते. झाड कुजक्या भागाभोवती आतून बांध घालतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. आतलं जुनं लाकूड पुन्हा धड होत नाही. सालीची गोल पट्टी बुंध्याभोवती पूर्ण सोलली, तर पानांतलं अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि थोरला वृक्षही सहसा मरतो. त्याला कुऱ्हाडसुद्धा लागत नाही.

म्हाताऱ्या झाडांबद्दलचा दावा तर उलटाच आहे. 403 प्रजातींचा अभ्यास 2014मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी बहुतेकांत झाड जितकं मोठं, तितका त्याचा दरवर्षी कार्बन साठवण्याचा वेग जास्त आढळला. अख्ख्या जंगलाची वाढ वयाबरोबर मंदावू शकते. त्यावरून हा गैरसमज निघाला असावा.

राहिली दहा रोपं. धनेशाला घरट्यासाठी जाड खोडातली ढोली लागते, ती दहाच काय, शंभर रोपांतही मिळायची नाही. शिवाय लावलेल्यांपैकी किती जगली हे पाचव्या वर्षी जाऊन कोण मोजणार, याबद्दल संदेशात एक अक्षर नाही.