नेपल्स म्हणजे पॉम्पेईचं पार्किंग नव्हे

परवा सोसायटीच्या जिन्यात एका काकांनी विचारलं, "इटलीत काय काय केलंत?" म्हटलं, "पाच दिवस नेपल्स." तर लगेच, "आणि बाकीचे दिवस?" बाकीचे दिवस नव्हतेच हो. रोमला विमानातून उतरलो, रेल्वेने नेपल्स गाठलं, पाच दिवस तंगडतोड केली आणि परत आलो. आम्ही म्हणजे मी आणि माझी मोठी नणंद, आमच्या ताई. वय अनुक्रमे बावन्न आणि त्रेसष्ट, गुडघे एकूण चार, त्यातले धड अडीच.

आपल्याकडच्या टूरवाल्यांच्या लेखी नेपल्स म्हणजे पॉम्पेई (ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं रोमन शहर) आणि काप्री बेट यांच्या मधला थांबा. बस थांबते, गाईड माइकवरून पर्सेस सांभाळायला सांगतो, बस निघते. माझ्या एका मैत्रिणीने नेपल्स एवढंच पाहिलंय, तेही काचेतून, आणि "घाण शहर" हे तिचं मत पक्कं आहे. गंमत म्हणजे पॉम्पेईतून काढलेली उत्तमोत्तम भित्तिचित्रं आणि मोझेक पॉम्पेईत नाहीतच, ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे फुकट प्रवेश असतो. आम्ही मे महिन्यातला तो रविवार मुद्दाम साधला. रांग लांब होती, पण रांगेत उभं राहायला डोंबिवलीकरांना कोणी शिकवायला नको.

मला मुख्य सांगायचंय ते वेगळंच. आठ वर्षांपूर्वी मी व्हेनिस पाहिलं. तिथे पैसे वाचवायचे म्हणजे दुसऱ्याचं जेवण बघत कोरडं सँडविच चावायचं. नेपल्समध्ये तसं होत नाही, कारण तिथली सगळ्यात चांगली गोष्टच मुळात गरिबांसाठी झालेली आहे. तळलेला पिझ्झा घ्या. दुसऱ्या महायुद्धात शहरावर बेसुमार बॉम्ब पडले होते, भट्ट्या गेल्या होत्या, चीज परवडत नव्हतं. मग बायकांनी दारात कढई मांडून पीठ तळायला घेतलं. गिऱ्हाइकाकडे पैसे नसतील तर आज खा, आठ दिवसांनी दे. आपल्या वाण्याच्या वहीसारखंच. आज तोच पिझ्झा खायला लोक जगभरातून येतात.

साधा पिझ्झासुद्धा चालता चालता खायचा असतो. लहान पिझ्झा चार घड्या घालून कागदात देतात. त्याला 'आ पोर्ताफोल्यो' म्हणतात, म्हणजे पैशाच्या पाकिटासारखा. आम्हाला दोन-अडीच युरोला मिळाला. बसून खायचा असेल तर ताईंसारख्या शाकाहाऱ्यांनी 'मारिनारा' मागवावा: टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल, बस. चीज नाही, त्यामुळे यादीत सगळ्यात स्वस्त. आणि माझ्या मते सगळ्यात चांगलाही, कारण त्यात काही लपवायला जागाच नाही. (मार्गारिटाप्रेमींनी कमेंटमध्ये भांडावं.)

शाकाहारी मंडळींनो, एक मात्र लक्षात ठेवा. तळलेल्या पिझ्झाच्या आत बहुधा 'चिकोली' म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. मिरी घातलेली कडक 'ताराल्ली' दिसते चकलीच्या बहिणीसारखी, पण तिचं मोहन डुकराच्या चरबीचं. पापुद्र्यांच्या 'स्फोल्यातेल्ला'तही पारंपरिक कृतीत तीच. मी सगळं खाल्लं. ताईंनी विचारून विचारून खाल्लं आणि एका तळणीच्या दुकानात त्यांना खजिना सापडला: भोपळ्याच्या जातीच्या फुलांची भजी. तिथे त्यांना 'शुरिल्ली' म्हणतात. ताईंनी एक तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "अगं, आईंच्या हातची!" आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या हातची कुठलीही गोष्ट मला कधी जमली नाही, हे त्या वाक्यात गृहीत होतं. असो.

आता चालण्याविषयी. ग्रीकांनी हे गाव अडीच हजार वर्षांपूर्वी आखलं आणि त्यांचे रस्ते अजून तसेच वापरात आहेत. त्यातल्या एका सरळसोट अरुंद रस्त्याला 'स्पाक्कानापोली' म्हणतात, म्हणजे नापोलीला (नेपल्सचं इटालियन नाव) चिरणारा. रस्त्यात उभं राहून ते कळत नाही. तिथे फक्त स्कूटर, वाळत घातलेले कपडे आणि पुढच्या माणसाची पाठ दिसते. त्यासाठी वर सान मार्तिनोच्या मठापाशी जायचं. चढायला फ्युनिक्युलर, म्हणजे टेकडीवर ओढून नेणारी रेल्वे, नेहमीच्या शहरी तिकिटात. मठासमोरच्या कट्ट्यावरून बघायला पैसे पडत नाहीत. खाली घरांच्या गर्दीत सुरीने मारल्यासारखी एक सरळ रेघ दिसते आणि पलीकडे व्हेसुव्हियस ज्वालामुखी. उतरताना रेल्वे नाही घ्यायची. 'पेदामेंतीना' नावाच्या जुन्या पायऱ्या आहेत, ४१४. पर्वती चारदा समजा आणि वर थोडं. ताई प्रत्येक वळणावर थांबत होत्या, मीही थांबत होते आणि दोघीही फोटोसाठी थांबल्याचं नाटक करत होतो.

स्पॅनिश क्वार्टर्सच्या गल्ल्यांत (सोळाव्या शतकात स्पॅनिश सैनिकांसाठी वसवलेली वस्ती) मला सारखी गिरगावची आठवण येत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली, दुकानदाराने त्यात पाव ठेवला, टोपली वर गेली. ताईंचं लहानपण ठाकुरद्वारच्या चाळीतलं. त्या पाच मिनिटं मान वर करून तिथेच उभ्या. शेवटी आजींनीच वरून काहीतरी विचारलं. सूर "काय पाहिजे?" असाच होता.

रस्ता ओलांडताना आम्हाला जराही भीती वाटली नाही. शेजारी दोन जर्मन पोरं सिग्नलपाशी थिजून उभी होती. ताईंनी हात दाखवला आणि स्टेशनाबाहेर रिक्षांमधून जातात तशा पलीकडे गेल्या. पोरं त्यांच्या मागोमाग. आणि हो, आम्हाला चार-पाच जणांनी "श्रीलंका?" असं विचारलं. नेपल्समध्ये श्रीलंकेतून आलेल्यांची मोठी वस्ती आहे, काही दुकानांवर सिंहली पाट्याही आहेत. पर्यटकासारखं न दिसण्याचा फायदा असा की फुलं आणि सेल्फी-स्टिक विकणारे आमच्या वाटेला गेले नाहीत.

फसलो एकदाच. समुद्राकाठी एका हॉटेलात भाव न बघता बसलो. बसण्याचे वेगळे, पाण्याचे वेगळे, पावाचे न मागता. पूर्ण दिवसाचा खाण्याचा खर्च एका वेळेत गेला. कॉफीचंही तसंच, टेबलाशी बसलात की भाव वाढतो. तिथली माणसं काउंटरला उभ्या उभ्या दोन घोटांत संपवतात. कॉफीआधी पाण्याचा पेला पुढे येतो, न मागता आणि फुकट. ताईंचा निकाल तिथेच लागला: "आधी पाणी देतात म्हणजे माणसं आपल्यातलीच."

'काफे सोस्पेझो'बद्दल तुम्ही फॉरवर्डमध्ये वाचलं असेल: आपण दोन कॉफींचे पैसे द्यायचे, एक प्यायची, दुसरी पुढे येणाऱ्या कुणा गरजूसाठी. प्रथा तिथलीच आणि खरी. हल्ली पर्यटकांना दाखवायलाही ती चालते, ते पाहून मला जरा कसंतरी झालं. पण मग पिओ मोंते देल्ला मिझेरिकोर्दियामध्ये गेलो, पाच दिवसांत मोजक्याच ठिकाणी पैसे मोजले त्यातलं हे एक. रोममध्ये खून करून पळालेला चित्रकार काराव्हाज्जो १६०६ मध्ये नेपल्सला आला आणि या धर्मादाय संस्थेसाठी त्याने दयेच्या सात कृत्यांचं चित्र काढलं. १६०७ पासून ते तिथेच आहे आणि संस्थेचं काम आजही चालू आहे. स्वर्ग थोडा, वर. खाली अंधारी गल्ली: कुणी अंगावरचं वस्त्र फाडून देतोय, एक मुलगी तुरुंगाच्या गजांतून बापाला स्वतःचं दूध पाजतेय, एका प्रेताचे नुसते तळपाय दिसताहेत. बाहेर पडलो तर तीच गल्ली, फक्त स्कूटरी जास्त. ताई कॉफीच्या दुकानात शिरल्या आणि तीन बोटं दाखवून दोन कॉफ्या घेतल्या.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. आम्ही राहिलो 'बास्सो'मध्ये. म्हणजे तळमजल्यावरची एकच खोली, दार थेट गल्लीत. पिढ्यान् पिढ्या अख्खी कुटुंबं अशा खोल्यांत राहिली. ऑनलाइन स्वस्त मिळाली म्हणून घेतली, आणि सुरुवातीला मला फार कौतुक वाटत होतं स्वतःचं. तिसऱ्या दिवशी ताईंनी दाखवलं. आमच्या गल्लीत दारांच्या कडेला आकड्यांची छोटी कुलपं लटकत होती, आत पाहुण्यांसाठी किल्ली. त्यांनी मोजली, अकरा. "इथली माणसं कुठे गेली असतील गं?" समोरच्या एकाच दाराबाहेर प्लॅस्टिकची खुर्ची होती आणि तिच्यावर एक बाई शेंगा सोलत बसायच्या. बाकी गल्लीत चाकांच्या बॅगांचा खडखडाट. भाडी वाढली म्हणून लोक बाहेर ढकलले जाताहेत, त्याविरुद्धच्या घोषणा भिंतींवर होत्या. ज्या स्वस्ताईचं मी वर एवढं गुणगान केलं, तिच्या मुळावर माझीच बॅग चालत होती.

पुन्हा गेले तर स्टेशनाजवळच्या साध्या हॉटेलात राहीन. जुनं गाव तिथून चालत वीस-पंचवीस मिनिटं आहे. आणि बूट जाड तळव्याचे न्या. रस्त्यांवर व्हेसुव्हियसच्या लाव्हाच्या काळ्या फरशा आहेत, पावसाची एक सर आली की तेल सांडल्यागत होतात. ताईंच्या सँडल तिथल्याच कचराकुंडीत राहिल्या.