रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतं कशाला?

आज ओपीडीत मालवणकडच्या एक काकी आल्या होत्या. मासळी विकतात. पिशवीत ही जाडी फाईल: दोनदा रक्त, सोनोग्राफी, कमरेचा एमआरआय, सगळं नॉर्मल. मान-पाठ दुखते, धडधडतं, पोट फुगतं, झोप नाही. शेवटच्या कागदावर एकच शब्द, ‘टेन्शन’. "माका काय एक झाला नाय म्हणतत. मगे दुखता कित्याक?"

त्यांना टेबलावर झोपवून हात लावून कोणीच तपासलं नव्हतं. डोक्यावरची टोपली किती जड, दिवसभर पाटावर वाकून बसता का, गेल्या पावसाळ्यात सांधे धरणारा ताप आला होता का, एवढंही विचारलेलं नाही! चिकुनगुन्यानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखतात हे आपल्या किनाऱ्यावरच्या डॉक्टरला मी सांगायचं? आणि ‘सगळं नॉर्मल’ म्हणजे काय काय तपासलं? हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला असू शकतं. थायरॉईडची टीएसएच, व्हिटॅमिन बी१२ त्या जाड फाईलमध्ये नव्हतंच. ‘ताकदीचं’ सलाईन मात्र तीनदा. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे साखरपाण्याच्या, ५०० मिलीत २५ ग्रॅम साखर असते. ही कसली ताकद?

पावसात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) दिवसांत ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते, मान्य. पेशंटही चार ठिकाणी फिरतात, तेही मान्य. पण फिरतात का? पहिल्याने हाकललं म्हणून.

हे सगळं तपासूनही काही सापडलं नाही, तरी दुखणं खरंच असतं. मज्जातंतूंची वेदनेची यंत्रणा रेडिओचा आवाज वाढून अडकावा तशी चढलेली राहते. एमआरआयला हाड दिसतं, चकती दिसते, हे दिसत नाही. २०१३ साली डीएसएम-५ ने, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकाने, सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डरच्या (शारीरिक त्रास आणि त्याची अतोनात काळजी) निदानातून ‘शारीरिक कारण सापडू नये’ ही अट काढून टाकली. आपल्याकडे अजून ‘मनाचे खेळ’च चाललेत.

डॉक्टर मित्रांनो, अवघड नाही हो. पहिली दोन मिनिटं मध्ये न बोलता ऐका. दुखतं तिथे दाबून बघा. मग स्पष्ट सांगा, "काकी, दुखणं खरं आहे. धोक्याचा आजार सापडला नाही. नसा जास्त जाग्या झाल्यात, हळूहळू शांत होतील." रोज थोडं चालणं, आठवड्या-आठवड्याने वाढवत. ईसीजी बघून रात्री १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलीन द्यायची असेल, तर ती वेदनेसाठी आहे हे आधी सांगा. नाहीतर मेडिकलवाला "ही डिप्रेशनची" म्हणतो आणि घरी जाऊन गोळ्या उकिरड्यावर जातात. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक महिनोन्‌महिने लिहू नका, पोट आणि किडनी दोन्ही जातील.

‘दुखलं तर या’ असंही म्हणू नका. तशाने भेट मिळवायला दुखणं वाढावं लागतं. दोन-तीन आठवड्यांनंतरची तारीख केसपेपरवर लिहून द्या, बरं वाटलं तरी या म्हणा. दर भेटीला वजन करा आणि हातानेच तपासा. वजन उतरलं, रात्री घाम फुटायला लागला, कुठून रक्त गेलं किंवा हातापायातला जोर कमी झाला, तर त्याच दिवशी पुन्हा पहिल्यापासून तपासण्या सुरू करा.