‘समाजसेवक मूल उचलून नेतात’ म्हणे! त्या फॉरवर्डला उत्तर

‘सावधान! समाजसेवक बनून घरात शिरणाऱ्यांना ओळखा’ हा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात पाच दावे आहेत. एक, विधवा, एकटी आई किंवा आजी-आजोबांकडे वाढणारी मुलं हे लोक हेरतात, घराचे फोटो काढतात, सही घेतात आणि मूल बालगृहात नेऊन दत्तक ‘विकतात’. दोन, बाई समुपदेशन केंद्राची पायरी चढली की नवऱ्यावर केस ठरलेली. तीन, हॉस्पिटलमधला समाजसेवक म्हणजे टक्केवारीवरचा एजंट. चार, घरात कुणी जरा वेगळं वागलं की हेच लोक त्याला येरवड्याच्या मनोरुग्णालयात टाकतात. पाच, समुपदेशन म्हणजे नुसत्या गप्पा, त्या घरातली वडीलधारी माणसं फुकट मारतात.

असले मेसेज वाचून सोडून द्यायचे असतात. पण हा हडपसरला, नात्यातल्या एका आजींच्या फोनवर पोचला आणि नातवाच्या बालसंगोपनाच्या अर्जासाठी गृहचौकशीला आलेल्या मुलीला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. आता सोडून देता येत नाही.

पहिला दावा सगळ्यात घाणेरडा आहे, म्हणून जास्त जागा त्यालाच.

बालसंगोपन योजना, पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, ही मूल घरातच राहावं म्हणून आहे. आई किंवा वडील वारले, सोडून गेले, तुरुंगात आहेत, दुर्धर आजारानं अंथरुणाला खिळलेत, अशा घरातल्या १८ वर्षांखालच्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. मूल आईकडे, आजीकडे, मामाकडे, जिथे आहे तिथेच राहतं आणि पैसे बँक खात्यात जमा होतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व याच जातीचं, दरमहा ४,००० रुपयांचं. महानगरात त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६,००० रुपयांच्या आत असावं लागतं. मुलाला बालगृहाची वाट धरावी लागू नये म्हणून जी योजना काढली, तिच्याच चौकशीला आलेल्या बाईला मुलं पळवणारी ठरवायचं. धन्य आहे.

फोटो काढतात का? काढतात. पालकासोबत मुलाला घरासमोर उभं करून काढलेला फोटो अर्जाला लागतो. सोबत मुलाचं आणि पालकाचं आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पालक वारले असतील तर मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड आणि पासबुकाची झेरॉक्स. गृहचौकशीत पाहायचं एवढंच असतं: मूल खरंच या पत्त्यावर राहतं का, शाळेत जातं का, घरात कमावतं कोण आणि किती, कुणाचं आजारपण आहे का, शेजारीपाजारी काय सांगतात. अहवाल बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, जातो आणि आदेश समिती काढते. चौकशीला आलेल्या बाईच्या हातात मूल नेण्याचा अधिकार नसतो आणि पैसे मंजूर करण्याचाही नसतो.

या अर्जांचं घोडं अडतं ते भलत्याच ठिकाणी. मृत्यूच्या दाखल्यावर ‘बाळू’ आणि आधारवर ‘बाळासाहेब’. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपलेला. खातं आधारशी जोडलेलं नाही. आणि आता या मेसेजच्या कृपेनं नवीन कारण: दारच उघडलं नाही. गृहचौकशीचा अहवाल नसेल तर फाईल समितीपुढे जातच नाही. ज्यांनी कुणी असं परत पाठवलं असेल त्यांनी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्जाच्या पोचपावतीचा नंबर सांगून पुन्हा भेट मागावी. ती मिळते.

आता कायदा. बाल न्याय अधिनियम, २०१५ हा एकच कायदा वाचला असता तरी हा मेसेज लिहिणाऱ्याचं तोंड बंद झालं असतं. कलम ३ मध्ये मूलभूत तत्त्वं आहेत. मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय, तोही रीतसर चौकशीनंतर, असं त्यात लिहिलेलं आहे. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन आल्यावर मूल खरोखर धोक्यात आढळलं आणि ताब्यात घ्यावं लागलं, तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला समितीपुढे हजर करावं लागतं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक स्त्री. मग सामाजिक तपासणी अहवाल, त्याला १५ दिवस. हा अहवाल म्हणजे नुसता शेरा नसतो. त्याला ठरलेला नमुना आहे आणि त्यात घरातली माणसं, त्यांचं उत्पन्न, नातेसंबंध, मुलाची शाळा, तब्येत, व्यसनं, मारहाण, मुलाचं स्वतःचं म्हणणं असे रकाने भरावे लागतात. अंतिम आदेशाला चार महिने. समिती कोणते आदेश देऊ शकते त्याची यादी कलम ३७ मध्ये आहे. त्यात आईवडिलांकडे किंवा नातलगांकडे परत देणं हे बालगृहात ठेवण्याच्या आधी येतं. समितीचा आदेश पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं.

‘दत्तक विकतात’ हे तर निव्वळ अज्ञान. समितीने बालगृहातलं मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त आहे असं जाहीर केल्याशिवाय ते दत्तक जाऊच शकत नाही आणि त्या जाहीरनाम्यावर तीन सदस्यांच्या सह्या लागतात. आईनं स्वतःहून मूल समितीपुढे सोपवलं तरी फेरविचाराला दोन महिने मिळतात, त्या काळात ती परत घेऊ शकते. टाकून दिलेल्या मुलाच्या आईवडिलांचा शोध घ्यावा लागतो, फोटोसह जाहिरात द्यावी लागते. मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर ते मुक्त जाहीर करायला दोन महिने, त्याहून मोठं असेल तर चार महिने. नोंदणी केंद्रीय पोर्टलवर. २०२२ च्या सप्टेंबरपासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. मूल विकणं-विकत घेणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड. गृहचौकशीच्या कागदावरच्या एका सहीनं यातलं काहीही होत नाही.

या सगळ्यात अर्धसत्य कुठे आहे ते सांगतो, नाइलाजानं. गरीब आईबापांनी ‘निदान दोन वेळ जेवेल, शिकेल’ म्हणून मूल बालगृहात ठेवणं हे आपल्या राज्यात वर्षानुवर्षं सर्रास चाललं आणि संस्थांनीही ती मुलं खुशाल ठेवून घेतली. हे चूकच होतं. गरिबी एवढ्या एकाच कारणानं मुलाला घरापासून तोडू नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांतही स्पष्ट आहे. पण त्यावरचा उपाय म्हणजे हीच बालसंगोपन योजना. तिच्यासाठी येणाऱ्याला हाकलून तुम्ही आजीला नेमकं बालगृहाच्या दाराशी नेऊन सोडता.

आणि भामटे असतातच. म्हणून आलेल्या माणसाचं ओळखपत्र बघा, कोणत्या कार्यालयातून आलात ते विचारून त्या कार्यालयात फोन लावा, मूळ कागद हातात देऊ नका, झेरॉक्सवर ‘बालसंगोपन अर्जासाठी’ असं लिहून सही करा, कोऱ्या कागदावर सही करू नका. अर्जाला पैसे लागत नाहीत. मागितले की समजा तो माणूस योजनेचा नाही. एवढं मेसेजमध्ये असतं तर तो मीही पुढे पाठवला असता.

हॉस्पिटलचा मुद्दा. ‘एमएसडब्ल्यू मॅडम (म्हणजे हॉस्पिटलमधल्या समाजसेविका) बिल कमी करून देतात, म्हणजे कुणाचं तरी कमिशन असणार.’ नाही हो. बिल कमी होतं कारण तो रुग्णाचा हक्क आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयानं मंजूर केलेली, २००६ पासून लागू असलेली योजना यांमुळे धर्मादाय हॉस्पिटलला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल.

यात रुग्णाचे नातेवाईक एकच चूक हमखास करतात: डिस्चार्जच्या दिवशी, बिल हातात पडल्यावर समाजसेवा विभागात जातात. भरती होताना जायचं. रेशनकार्ड, तहसीलदारांचा दाखला, आधार घेऊन त्याच दिवशी अर्ज द्यायचा, कारण खाट कोणत्या वर्गात धरायची ते तेव्हाच ठरतं आणि एकदा भरलेले पैसे परत काढणं महाकठीण. दाखला तयार नसेल तर रेशनकार्डावर अर्ज पुढे सरकवून दाखल्याच्या मागे एका माणसाला लावायचं. जीव धोक्यात असेल तर अनामत रक्कम न मागता आधी भरती करून घेणं हॉस्पिटलवर बंधनकारक आहे. ससूनसारख्या सरकारी ठिकाणी या माणसाला समाजसेवा अधीक्षक म्हणतात. बेवारस रुग्णाचे नातेवाईक शोधणं, मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत बसतंय का पाहणं, बसत नसेल तर देणगीदार ट्रस्टांची पत्रं लिहिणं, घरी गेल्यावर औषध कोण देणार ते ठरवणं, ही सगळी त्याची कामं.

इथेही एक गोष्ट कबूल करावी लागते. खासगी धर्मादाय हॉस्पिटलमधल्या समाजसेविकेचा पगार हॉस्पिटलच देतं, त्यामुळे ‘कोटा संपला’ हे वाक्य कधी कधी फार सहज तोंडी येतं. अशा वेळी शिल्लक खाटांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या पोर्टलवर बघायची, नकार लेखी मागायचा आणि सह धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करायची. लेखी मागितलं की कोटा बऱ्याचदा सापडतो.

नवऱ्यावर केस. कौटुंबिक हिंसाचार अधिनियम २००५ चा, लागू २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्यात संरक्षण अधिकारी जो घटना अहवाल लिहितो तो एफआयआर नव्हे. त्यावरून कुणाला अटक होत नाही. पुढे कलम १२ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा की नाही हे बाई ठरवते, आणि अर्ज केला तरी मिळतं ते घरात राहण्याचा हक्क, दरमहा खर्च, मुलांचा ताबा, मारहाण थांबवण्याचा आदेश. आदेश मोडला तर मात्र गुन्हा. पोलीस ठाण्यातल्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षांत समाजकार्य शिकलेली माणसं बसतात. हे काम १९८४ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेनं सुरू केलं. तिथे बाईला पहिल्यांदा विचारतात, आज रात्री कुठे झोपणार? मग मुलं कुठे आहेत, कागदपत्रं कुणाकडे आहेत, स्त्रीधन कुठे आहे. मारहाण चालू असताना नवरा-बायकोला समोरासमोर बसवायचं नाही, हा या कामातला साधा नियम, कारण त्या बैठकीत बाई जे बोलेल त्याची किंमत ती घरी गेल्यावर मोजते. खरी तक्रार करायची तर उलटी करता येईल: अजूनही अनेक ठिकाणी ‘जुळवून घे गं’ हेच समुपदेशन म्हणून खपवलं जातं. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर स्त्रीला उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हे मेसेजवाल्याला माहीत नसावं, किंवा असावं.

येरवड्याचं थोडक्यात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णाच्या इच्छेविरुद्ध भरती करायची तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा (त्याच्या वतीनं निर्णय घ्यायला नेमलेल्या माणसाचा) अर्ज लागतो, दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ असावा लागतो. मुदत ३० दिवसांपर्यंत. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत कळवावं लागतं, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. समाजसेवक एकटा कुणालाही कुठेही ‘टाकू’ शकत नाही. कुणाशी बोलायचंच असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६.

राहिल्या गप्पा. एमएसडब्ल्यू हा पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि त्यात वर्गाइतकंच प्रत्यक्ष क्षेत्रकार्य असतं; पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून हे शिकवते. मनोविकार क्षेत्रातल्या समाजसेवकाला, २०१७ च्याच कायद्यातल्या व्याख्येनुसार, त्यावर आणखी दोन वर्षांचं एमफिल लागतं. घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल पूर्ण आदर आहे, रडणाऱ्याच्या पाठीवर हात त्यांनीच ठेवायचा. पण कमावता माणूस गेल्यावर पहिल्या भेटीतल्या ‘गप्पा’ अशा असतात: मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत झाली का, दाखल्याच्या निदान दहा प्रती काढल्या का, आधार आणि दाखल्यातलं नाव जुळतं का, भविष्यनिर्वाह निधीत वारस म्हणून कुणाचं नाव आहे, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० रुपये मागितले का, विधवेला संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा १,५०० रुपये मिळू शकतात आणि त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये इतकी कमी आहे की उत्पन्नाच्या दाखल्यावर कारकुनानं सवयीनं टाकलेला मोठा आकडा अख्खा अर्ज बाद करतो. म्हणून दाखला हातात आला की तहसील कचेरीच्या खिडकीवरून हलण्याआधी त्यावरचा आकडा वाचा.