हंगामी खजिनदार व्हायचंय? मग फोन चालू ठेवा

कायमचं पद हवं असेल तर दारोदार हात जोडत हिंडावं लागतं. हंगामी पदाला एवढंच लागतं की आधीचा माणूस तोंडावर पडला पाहिजे. तेव्हा जमाखर्च शिकण्यात उमेदीची वर्षं घालवू नका. गव्हर्नरच्या ओळखीत राहा. (आपल्याकडचे राज्यपाल नव्हेत. अमेरिकेतला गव्हर्नर निवडून येतो आणि राज्याचा कारभारही त्यालाच बघावा लागतो.)

नमुना म्हणून अमेरिकेतलं दक्षिण कॅरोलायना राज्य घ्या. तिथे थॉमस रॅव्हेनेल २००७च्या जानेवारीत राज्याचे खजिनदार झाले आणि जूनमध्ये कोकेनच्या प्रकरणात त्यांच्यावर आरोपपत्र आलं. गव्हर्नर मार्क सॅनफर्ड यांनी त्यांना निलंबित करून केन विंगेट या वकिलांना हंगामी खजिनदार नेमलं. ऑगस्टमध्ये विधिमंडळानं कायमचा माणूस निवडला. कुठून? आपल्यातूनच! कन्व्हर्स चेलिस आमदार होते, शिवाय हिशेबतपासनीसही. म्हणजे जून ते ऑगस्ट, आपल्याकडे आंबा संपून गणपतीची वर्गणी सुरू होईपर्यंतची कारकीर्द.

पहिल्या दिवशी खुर्चीची उंची बदलू नका. गुडघे टेबलाला लागले तरी सोसा, नाहीतर 'हा मुक्काम ठोकणार' अशी कुजबुज सुरू होते. बैठकीला मात्र चुकवू नका. त्या काळी तिथे राज्याचा पैसा आणि कारभार बघणाऱ्या बजेट अँड कंट्रोल बोर्डावर पाच जण होते: गव्हर्नर, खजिनदार, कम्प्ट्रोलर (म्हणजे राज्याचे मुख्य हिशेबनीस) आणि दोन्ही सभागृहांच्या अर्थ समित्यांचे अध्यक्ष. एकही मत न मागता पाचातलं एक मत तुमचं! ते कुठे टाकायचं हे गव्हर्नरच्या चेहऱ्याकडे बघून कळतं.

फोटो काढायचा तर बेवारस रकमांच्या खात्यात काढा. लोक विसरलेल्या ठेवी, न वटवलेले चेक खजिनदाराकडे जमा होतात. त्यांचेच पैसे त्यांना परत द्यायचे आणि वर आभार मानून घ्यायचे.

कोणी अवघड प्रश्न विचारलाच तर एक वाक्य पाठ असू द्या: "नवीन माणूस आला की बघू." आमच्या सोसायटीत मी तीन महिने हंगामी खजिनदार होतो. कपाटाची किल्ली आणि हे वाक्य, एवढ्यावर गळक्या टाकीचं प्रकरण मी सुखरूप पुढच्या कमिटीच्या गळ्यात घातलं.

जुनी खाती उकरून बघण्याचा मोह तेवढा आवरा. याच राज्यात पुढे एका खात्यात १.८ अब्ज डॉलर दिसायला लागले आणि ते कोणाचे, हे कोणालाच सांगता येईना. खजिनदार कम्प्ट्रोलरकडे बोट दाखवत होते, कम्प्ट्रोलरचं कार्यालय खजिनदारांकडे. बाहेरचे तपासनीस बसवले, तेव्हा २०२५मध्ये कळलं की त्यातली बहुतेक रक्कम नुसती कागदावरच होती. इतके दिवस मालक सापडत नव्हता, आता मालही नाही! खजिनदार कर्टिस लॉफ्टिस यांना हटवावं म्हणून राज्याच्या सिनेटनं मतदान केलं. पण प्रतिनिधिगृहानं त्यांना हटवलं नाही आणि ते खुर्चीवर राहिले.

तुमच्यासाठी एवढा खटाटोप कोणी करणार नाही. एक पुठ्ठ्याचं खोकं पुरतं. निघायच्या दिवशीच तुमच्या नावाची पाटी तयार होऊन येईल. ती मागून घ्या, दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची नाही.